पोर्ट्रेटसाठी फुल फ्रेम घ्यायचाय? आधी गाळ्याची लांबी मोजा

प्रश्न सांगलीहून आलाय, थोडक्यात असा: "तीन वर्षं लग्नाच्या ऑर्डरी केल्या. आता गाळा भाड्याने घेऊन फक्त पोर्ट्रेट करायचं ठरवलंय. डोहाळजेवण, लहान मुलं, कुटुंबाचे फोटो, थोडं प्री-वेडिंग. सध्या कॅनन २०० डी मार्क टू, १८-५५, ५० एमएम एफ १.८ आणि एक गोडॉक्स फ्लॅश आहे. सगळं मिळून बजेट पावणेतीन लाख. कॅनन आर सिक्स मार्क टू, सोनी ए सेव्हन फोर की निकॉन झेड फाइव्ह टू? की सेकंडहँड आर फाइव्ह शोधू? आमच्याकडे सगळे म्हणतात ४५ मेगापिक्सेलशिवाय पोर्ट्रेटला मजा नाही."

मी १९ वर्षं कोल्हापुरात हेच काम करतोय. सुरुवात क्रॉप सेन्सरवर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर) झाली, मग बरीच वर्षं कॅननचा फाइव्ह डी मार्क टू वापरला आणि गेली सहा वर्षं सोनी वापरतोय. म्हणजे तुम्ही विचारलेल्या तीन घरांपैकी एकात मी राहतो आणि एकातून राहून आलोय. माझं मत वाचताना हे ध्यानात ठेवा.

तुम्ही विचारलंय "कोणती बॉडी" (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा), पण खरी अडचण वेगळी आहे. पावणेतीन लाखांत तुम्हाला एक अख्खा स्टुडिओ उभा करायचाय आणि त्यातले किती पैसे बॉडीवर घालायचे हे ठरत नाहीये. आर सिक्स मार्क टू किंवा ए सेव्हन फोर नवा घेतला तर नुसती बॉडीच बजेटचा मोठा घास घेईल. उरलेल्या पैशांत एक बरी लेन्स येईल, आणि लाइट म्हणून तोच एक जुना फ्लॅश राहील. पोर्ट्रेटमध्ये गिऱ्हाइकाला दिसतो तो उजेड आणि चेहरा, कॅमेऱ्याचं नाव त्याला दिसत नाही.

उत्तर कशावर अवलंबून आहे तेही आधी सांगतो. गाळा किती लांब आहे, काम जास्त आत होणार की बाहेर, फोटो शेवटी कुठे छापले जाणार, आणि तुमच्या ओळखीतले फोटोग्राफर कोणत्या माउंटचे (लेन्स बसवायच्या जोडणीचे, म्हणजे कोणत्या कंपनीचे) आहेत. यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून एकेक घेतो.

पहिला गाळा. फुल फ्रेमचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, तुमच्या कॅननचा साधारण २२.३ बाय १४.९. या फरकाचा सगळ्यात रोखठोक फायदा छोट्या खोलीत होतो आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. उभ्या फ्रेममध्ये माणूस डोक्यापासून पायापर्यंत बसवायचा, वरखाली थोडी जागा सोडायची, तर साडेसहा फूट उंची टिपावी लागते. तुमच्या २०० डीवर ५० लावून त्यासाठी साडेचौदा फूट मागे जावं लागतं. तोच ५० फुल फ्रेमवर लावला की ९ फुटांत काम होतं. ८५ एमएमचा लेन्स लावला तर पुन्हा १५ फुटांच्या वर. त्यात माणसाच्या मागे पडद्यापर्यंत किमान ४ फूट धरा, नाहीतर सावली पडद्यावर पडते आणि पडद्याचा रंग उलटा गालावर येतो. तुम्हाला पाठीमागे उभं राहायला २ फूट. म्हणजे पूर्ण उंचीच्या फोटोला ५० ने १५ फुटांचा गाळा पुरतो, ८५ ने २१-२२ फूट हवेत. आपल्याकडे मुख्य रस्त्यावरचे गाळे बहुतेक १० बाय १५ किंवा १० बाय २० चे असतात. टेप घेऊन जा, शटरपासून मागच्या भिंतीपर्यंत मोजा. १५ फूट असेल तर तुम्हाला क्रॉपवर ५० ने पूर्ण उंचीचं पोर्ट्रेट करताच येणार नाही, आणि मग फुल फ्रेम ही नुसती हौस राहत नाही.

डोकं-खांद्यापर्यंतच्या फोटोसाठी मात्र ८५ च हवा. सहा फुटांवरून तो अडीच फुटांची चौकट देतो, चेहरा जसा आहे तसा येतो. तीच चौकट ५० ने घ्यायला साडेतीन फुटांवर जावं लागेल. तिथून नाक पुढे येतं, कान मागे जातात, आणि डोहाळजेवणाच्या फोटोत आधीच चेहऱ्यावर आलेली सूज दुप्पट वाटते. हा दोष ५० चा नाही, अंतराचा आहे. तुमच्या २०० डीवर ५० हा ८० सारखा वागतो, म्हणून आजवर तुम्हाला हा त्रास जाणवला नसेल. फुल फ्रेमवर गेल्यावर पहिल्याच आठवड्यात जाणवेल. त्यामुळे ८५ साठी पैसे राखून ठेवल्याशिवाय बॉडी घेऊ नका.

आता उजेड. स्टुडिओत दोन फ्लॅश लावून, आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १००, एफ ८ वर फोटो घेतला तर तुम्ही लिहिलेल्या चारही कॅमेऱ्यांच्या प्रिंट शेजारी ठेवून मला ओळखता येणार नाहीत. तुमचा २०० डीसुद्धा त्या रांगेत फार मागे पडणार नाही. तिथे शटरचाही फारसा संबंध राहत नाही, फ्लॅश ज्या क्षणी चमकतो तोच क्षण गोठतो. क्रॉपपेक्षा फुल फ्रेमच्या सेन्सरचं क्षेत्रफळ सव्वादोन ते २.६ पट असतं, म्हणून कमी उजेडात सव्वा स्टॉपच्या आसपास फायदा मिळतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). तो मंगल कार्यालयात कामाचा. स्वतःचा उजेड लावणाऱ्याला तो वर्षातून मोजक्या वेळा लागतो.

बाहेर गेलात की गोष्ट बदलते. कृष्णेच्या घाटावर किंवा पन्हाळ्यावर दुपारी चारला प्री-वेडिंग करताय. ऊन कडक, आयएसओ १००, शटर १/२०० ठेवलं तर ॲपर्चर (लेन्सचं तोंड, आकडा मोठा तितकं ते लहान) एफ ११ येतो. मागचं सगळं स्पष्ट, पाटीवरचं नावसुद्धा वाचता येईल. एफ २.८ हवा असेल तर शटर १/३२०० च्या आसपास न्यावं लागतं, पण साधा फ्लॅश १/२०० किंवा १/२५० च्या पुढे सिंक होत नाही (शटरशी जुळत नाही), फोटोच्या एका भागात काळी पट्टी येते. यावर दोन उपाय. एक, हाय स्पीड सिंक, ज्यात फ्लॅशची ताकद दोन स्टॉप किंवा त्याहून जास्त कमी होते. दुसरा, लेन्सवर चार स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळपट काच). सोनीच्या ए नाइन थ्री मध्ये ग्लोबल शटर (सगळा सेन्सर एकाच क्षणी फोटो घेतो) असल्यामुळे ही कटकटच नाही, पण तो तुमच्या बजेटच्या बाहेरचा आहे. जाहिरातीत १/२०० विरुद्ध १/२५० सिंक असा फरक दाखवतात, तो जेमतेम एक तृतीयांश स्टॉपचा. त्यावरून कॅमेरा निवडू नका. त्या पैशांत ताकदवान फ्लॅश घ्या.

ज्यावर मी खरंच बॉडी निवडतो ती गोष्ट म्हणजे डोळ्यावरचा फोकस. सहा फुटांवरून ८५ एमएम, एफ १.८ वर स्पष्टतेची पट्टी साधारण ५ सेंटीमीटर असते. जवळचा डोळा ते कान यातलं अंतर त्यापेक्षा जास्त. डीएसएलआरच्या (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांच्या) काळात फोकसचे पॉइंट फ्रेमच्या मध्यभागी गोळा झालेले असायचे. मधल्या पॉइंटने डोळा पकडायचा, बटण अर्धं दाबून ठेवायचं, मग कॅमेरा वळवून चौकट लावायची. त्या वळवण्यातच पट्टी डोळ्यावरून भुवईवर सरकायची. शिवाय फोकस मोजणारा भाग वेगळा आणि फोटो घेणारा सेन्सर वेगळा, त्यामुळे प्रत्येक लेन्सचा फोकस किंचित पुढे किंवा मागे बसायचा. मी भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून प्रत्येक लेन्सची दुरुस्ती वहीत लिहून ठेवायचो. आता तुमच्या यादीतल्यांसारख्या मिररलेसमध्ये (बिनआरशाच्या कॅमेऱ्यात) सेन्सर स्वतःच फोकस करतो, डोळा फ्रेमच्या कोपऱ्यात असला तरी. पोर्ट्रेटवाल्यासाठी गेल्या दहा वर्षांतला सगळ्यात मोठा बदल हा आहे. सेकंडहँड निकॉन डी ८५० किंवा कॅनन फाइव्ह डी मार्क फोर स्वस्तात दिसेल, दोन्ही सुंदर डीएसएलआर, पण आज नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी ते सुचवत नाही.

तुमच्या यादीतल्या तिन्ही बॉडींचा डोळ्यावरचा फोकस व्यवसायाला पुरेसा चांगला आहे. त्यातही फरक पडतो तो आपल्याकडच्या चेहऱ्यांवर. मुंडावळ्या, नथ, भरगच्च गजरा, सरकलेला पदर, जाड काचेचा चष्मा. कॅमेऱ्याला डोळा सापडतो, चौकोनही दिसतो, आणि तरी फोकस डोळ्यासमोर लोंबणाऱ्या मोत्यावर बसलेला निघतो. छोट्या पडद्यावर ते कळत नाही. घरी मोठं करून पाहिल्यावर मोत्याचं भोक दिसतं आणि पापण्या मऊ. म्हणून परदेशी परीक्षणातले आकडे मला अपुरे वाटतात, त्यांच्या मॉडेलच्या कपाळावरून काहीच लोंबत नसतं.

मेगापिक्सेलचं आता हिशेबानेच पाहू. आपल्याकडे अल्बमचं शीट बहुतेक १२ बाय ३६ इंचाचं. २४ मेगापिक्सेलची फाइल ६००० बाय ४००० पिक्सेलची. एकच फोटो पूर्ण शीटभर पसरवला तर इंचाला १६६ पिक्सेल मिळतात. ४५ मेगापिक्सेलची फाइल ८१९२ पिक्सेल रुंद, तिथे २२७ मिळतात. म्हणजे मेगापिक्सेल जवळपास दुप्पट झाले तरी रुंदीत भर पडली ३६ टक्क्यांची. दिवाणखान्यात लावायच्या १६ बाय २४ च्या फ्रेमला २४ मेगापिक्सेल इंचाला बरोबर २५० पिक्सेल देतो, हातात घेऊन पाहिली तरी ती उत्तम दिसते. निवडणुकीआधी उमेदवार फोटोसाठी येतात, त्यांचा दहा फुटी फ्लेक्स याच फाइलमधून चौकात लागतो आणि रस्त्याच्या पलीकडून पाहणाऱ्याला काहीही कमी वाटत नाही.

याउलट ४५ ची किंमत रोज मोजावी लागते. एका डोहाळजेवणाच्या सेशनचे ४०० फोटो धरा. २४ च्या रॉ फाइली (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइली) साधारण ११-१२ जीबी, ४५ च्या २० च्या आसपास. तेवढीच जागा बॅकअपच्या दुसऱ्या डिस्कवर. तुमचा कॉम्प्युटर जुना असेल तर रिटचिंग करताना ब्रश मागे राहतो आणि तुम्ही पुढे जाता. शिवाय फोकसची जरा चूकही त्यात जास्त उघडी पडते. ४५ खरोखर लागतो तो कापडाच्या कामाला. इचलकरंजीच्या व्यापाऱ्यांचं साडीचं कॅटलॉग करायचं असेल, विणीचा धागा दिसायला हवा असेल, किंवा एकाच उभ्या फोटोतून अर्धा फोटो कापून द्यायचा असेल, तर तो घ्या. तिथेही बारीक विणीवर इंद्रधनुषी लाटा उमटतात का ते पाहत राहावं लागतं, कारण काही जास्त रिझोल्यूशनच्या बॉडींमध्ये त्या रोखणारा फिल्टर काढून टाकलेला असतो. अंतर थोडं बदललं की बहुतेक वेळा त्या जातात. तुमच्या कामाच्या यादीत कॅटलॉग नाही. त्यामुळे सेकंडहँड आर फाइव्ह मी सोडून देईन.

रंगाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण "कॅननचे स्किन टोन" हे वाक्य तुम्ही ऐकलेलं असणारच. कॅमेऱ्यातून थेट जेपेग देत असाल तर त्यात तथ्य आहे, तिन्ही कंपन्यांची चव वेगळी. रॉ घेऊन, सेशनच्या पहिल्या फ्रेममध्ये ग्रे कार्ड धरून व्हाइट बॅलन्स लावलात तर फरक इतका उरतो की एका स्लायडरने भागतं. सावळ्या त्वचेला मारक ठरतं ते वेगळंच. फोटोग्राफर चेहरा "उजळ" करायच्या नादात एक्स्पोजर वाढवतो, कपाळावरचा तेजाचा ठिपका पांढराफट्ट होतो आणि त्वचेतला तांबूस रंग निघून जातो. त्वचा आहे तशीच ठेवा, उजेड बाजूने आणा, आकार आपोआप येतो. आणखी एक गोष्ट. लाल शालू किंवा कुंकवाचा मळवट असेल तेव्हा साध्या हिस्टोग्रामवर विसंबू नका, लाल-हिरवा-निळा असे तीन वेगळे हिस्टोग्राम उघडा. एकत्रित आलेख व्यवस्थित दिसत असतानाही लाल रंग कधीच कापला गेलेला असतो, आणि मग शालूवरची बुट्टी सपाट होते.

सेन्सरची खरी परीक्षा आपल्याकडे संक्रांतीला होते. काळी चंद्रकळा, तिच्यावर हलव्याचे दागिने. बोरन्हाणाला आलेलं वर्षाचं पोर, काळं झबलं आणि गळ्यात पांढराशुभ्र हार. हलव्यावरचा काटा दिसायला हवा आणि काळ्या कापडावरची खडीसुद्धा. मी अशा वेळी हलव्यासाठी एक्स्पोजर ठरवतो, काळं मुद्दाम बुडू देतो आणि नंतर रॉमधून वर काढतो. जुन्या क्रॉप बॉडीवर असं वर काढलं की काळ्यात जांभळट कण यायचे. फुल फ्रेमवर आयएसओ १०० ला दोन-अडीच स्टॉप उचलले तरी कापड कापडासारखं राहतं. इथे एक बारकावा सांगतो, कारण दुकानदार तुम्हाला निकॉनचा झेड सिक्स थ्री दाखवेल. त्याचा सेन्सर वेगवान आहे, खेळ आणि व्हिडिओला छान, पण कमी आयएसओला सावल्यांतून मिळणारी माहिती झेड फाइव्ह टू पेक्षा किंचित कमी आहे. म्हणजे तुमच्या कामात स्वस्त भाऊ इथे थोडा सरस ठरतो.

शटरचीही एक गोष्ट बॉक्सवर लिहिलेली नसते. कॅनन आर एट स्वस्त आणि हलका, सेन्सर आर सिक्स मार्क टू सारखाच २४ मेगापिक्सेलचा. पण त्यात पूर्ण यांत्रिक शटर नाही, पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक आहे. उघड्या लेन्सवर १/२००० च्या पुढे गेलात की अशा शटरने मागचे धूसर गोल एका बाजूने कापल्यासारखे येतात. भर उन्हात एफ १.४ ला हे दिसतं. पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटरवर जाऊन ते टाळता येतं, पण मग फ्लॅश चालत नाही. आणि आर एटला कार्डाचा खण एकच.

दोन खणांवर माझा आग्रह आहे. एका बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला मी एकाच खणाचा कॅमेरा नेला होता आणि कार्ड मधेच वाचता येईना. डेटा परत काढून देणाऱ्याने तीनेकशे फोटोंपैकी निम्मेच मिळवून दिले. केक कापतानाचे त्यात नव्हते. त्या घरातल्या आजी त्यानंतर दोन महिन्यांनी वारल्या, आणि नातवाला मांडीवर घेतलेला त्यांचा फोटो हरवलेल्या निम्म्यात होता. त्या घराला मी पैसे परत केले, पण तो फोटो देऊ शकलो नाही. तेव्हापासून दोन्ही कार्डांवर एकाच वेळी रॉ लिहितो आणि दुसरं कार्ड अल्बम हातात पडेपर्यंत पुसत नाही. तुमच्या तिन्ही पर्यायांत दोन खण आहेत.

व्हिडिओ, सेकंदाला किती फोटो, बॉडीतलं स्टॅबिलायझेशन, यांवर मी वेळ घालवणार नाही. स्टॅबिलायझेशन तुमचा हात थांबवतं, समोरचं पोर थांबवत नाही, त्यासाठी शटर १/२०० लागतंच.

उरला माउंट. बॉडी चार-पाच वर्षांत बदलेल, लेन्स पंधरा वर्षं राहतात. सोनीच्या माउंटवर सिग्मा, टॅमरॉन यांच्या लेन्सची रेलचेल आहे, जुन्या बाजारातही माल भरपूर. निकॉनचा झेड ८५ एफ १.८ हा त्या किमतीत मी वापरून पाहिलेला सगळ्यात स्वच्छ ८५. कॅननच्या आर एफवर (त्यांच्या मिररलेस माउंटवर) फुल फ्रेमसाठी बाहेरच्या कंपन्यांच्या ऑटोफोकस लेन्स जवळपास नाहीत. तिथे एफ १.२ चा ८५ महाग आणि एफ २ चा फोकसला संथ. पण जुना ईएफ (कॅननच्या डीएसएलआरच्या माउंटचा) ८५ एफ १.८ ॲडॅप्टरवर झकास चालतो, उघड्या ॲपर्चरला चकाकत्या दागिन्यांभोवती थोडी जांभळी कड येते एवढंच. तुमचा ५० ही तसाच चालेल. १८-५५ मात्र चढवलात तर कॅमेरा आपोआप मधलाच भाग घेईल आणि हातात साडेनऊ मेगापिक्सेलच्या आसपास उरतील. निकॉनकडे जाणार असाल आणि कोणी जुना ८५ एफ १.८ डी स्वस्तात देत असेल तर थांबा. निकॉनच्या जुन्या लेन्स झेडवर बसवणाऱ्या एफटीझेड ॲडॅप्टरमध्ये मोटर नाही, तो लेन्स हातानेच फोकस करावा लागतो.

आणि ओळखीतलं बघा. सांगली-मिरज-कोल्हापूर पट्ट्यात आपण एकमेकांच्या लेन्स उसन्या घेऊनच सीझन काढतो. तुमचे तीन मित्र सोनीवर असतील तर तिकडे त्यांच्या बॅगाही तुमच्याच झाल्या. हा मुद्दा कोणत्याही परीक्षणात सापडणार नाही, पण लग्नसराईत तो दहा हजारांच्या भाड्याइतका मोलाचा ठरतो.

इतकं धरून, तुमच्या जागी मी असतो आणि मित्रांच्या लेन्सचा पाश नसता, तर झेड फाइव्ह टू घेतला असता. मी स्वतः सोनीवाला असूनही. २०२५ ची बॉडी, साडेचोवीस मेगापिक्सेल, दोन एसडी खण, पूर्ण यांत्रिक शटर, डोळ्यावरचा फोकस पक्का, आणि तुमच्या यादीत सगळ्यात कमी किंमत. सोबत ८५ एफ १.८ आणि पूर्ण उंचीसाठी साधा ४० एफ २, जो सव्वासात फुटांतच साडेसहा फूट उंची देतो. उरलेल्यात चारशे वॅट-सेकंदाचा बॅटरीवरचा फ्लॅश, १२० सेंटीमीटरचा ऑक्टाबॉक्स (उजेड मऊ करणारी अष्टकोनी पेटी), मजबूत स्टँड आणि वाळूच्या पिशव्या. तुमचा गोडॉक्स कॅननचा असला तरी टाकून देऊ नका. आत २.४ गिगाहर्ट्‌झचा रेडिओ असेल तर निकॉनच्या ट्रिगरवर तो केसांमागचा लाइट म्हणून आयुष्यभर चालेल.

२०० डीला दुसरी बॉडी म्हणून ठेवायचं असेल आणि लेन्स दोन्हींवर फिरवायच्या असतील, तर आर सिक्स मार्क टू आणि जुना ईएफ ८५ ही जोडी समजू शकतो, फक्त मोठा फ्लॅश सहा महिने पुढे जाईल. मित्र सोनीवाले असतील तर ए सेव्हन फोर, किंवा पैसे वाचवून चांगला जुना ए सेव्हन थ्री. जुना घेताना शटर किती वेळा पडलंय ते विचारा, आणि सेन्सर व लेन्स टॉर्चच्या उजेडात तपासा. कोकणात राहिलेल्या लेन्समध्ये बुरशीचे धागे हमखास सापडतात.

नवा घेताना भारतातल्या वॉरंटीचं कार्ड आणि जीएसटीचं पक्कं बिल घ्याच. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात बिलाशिवाय काही हजारांनी स्वस्त मिळेल, पण कंपनीचं सर्व्हिस सेंटर त्याला वॉरंटी देणार नाही. आणि तुमची नोंदणी असेल तर बिलावरच्या १८ टक्के कराची वजावटही हातची जाते.

कॅमेरा आल्यावर स्टुडिओत पहिल्या दिवशी घाबरू नका. फ्लॅशच्या सेटिंगला व्ह्यूफाइंडर काळाकुट्ट दिसेल, कारण तो फ्लॅशविना एक्स्पोजर दाखवतो. मेनूमधून ते एक्स्पोजर दाखवणं बंद केलं की चेहरा पुन्हा दिसतो. मला याच कारणाने "कॅमेरा बिघडला" म्हणून निदान चार फोन आलेत.

पैसे द्यायच्या आधी एक करा. पितृपक्षात जा, तेव्हा दुकानं रिकामी असतात आणि दुकानदार बॉडी हातात देतो. बहिणीला किंवा बायकोला सोबत न्या, पिशवीत मुंडावळ्या आणि नथ. स्वतःचं कार्ड घाला, ८५ लावा, एफ १.८, सहा फूट अंतर. तिला मान हळूहळू वळवायला सांगा, मुंडावळ्या हलू द्या आणि वीस फोटो काढा. तिन्ही कॅमेऱ्यांवर हेच, त्याच जागी उभं राहून. फोटो दुकानातल्या पडद्यावर पाहू नका, घरी कॉम्प्युटरवर शंभर टक्के मोठे करून बघा आणि प्रत्येक कॅमेऱ्याचे वीसपैकी किती पापणीवर बसलेत, किती मोत्यावर, ते कागदावर मांडा. ते आकडे आणि गाळ्याची लांबी मला कळवा, मग लाइट कुठे टांगायचे ते ठरवू.